उसना ठोका

शैलजा नेर्लेकरांच्या हृदयात काडीचाही दोष नाही, असं मिरजेच्या चार डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि शैलाताईंचा त्यांच्यापैकी एकावरही विश्वास बसला नव्हता. दोष नाही, तर मग रात्री होतं ते काय? दिवसभर ही बाई ठणठणीत. भाजीवाल्याशी हुज्जत घालील, भर उन्हात गच्चीवर पापड वाळत टाकील. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि डोळा लागतोय न लागतोय, तोच छातीत धाडधाड सुरू. मध्येच एखादा ठोका गळायचा, मग पोकळ शांतता, आणि पुढचा ठोका असा दणका देऊन यायचा की त्या उठूनच बसायच्या. मग पाणी प्या, येरझाऱ्या घाला, देवाचं नाव घ्या. पुन्हा आडवं व्हावं, तर पुन्हा तेच. आपण अशाच एका रात्री जाणार आणि सकाळी कामाला आलेली रेश्मा दार वाजवून वाजवून थकणार, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती.

तशा त्या घरात एकट्या नव्हत्या. सांगलीच्या विश्रामबागेतलं नेर्लेकरांचं घर दोन मजली. खाली थोरली जाऊ शैलाताई, वर धाकटी जाऊ चारुलता. दोघी सख्ख्या भावांच्या बायका. दोन्ही भाऊ पाठोपाठ गेले, मुलं देशोदेशी पांगली, आणि एवढ्या घरात उरल्या या दोघी जावा. त्या एकमेकींशी दहा वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

कारण ऐकाल तर हसाल. सासूबाईंच्या तेराव्याला शैलाताईंनी पातेलंभर खीर केली होती. त्याआधी वर्षभर सासूबाईंची सगळी उस्तवार त्यांनीच केली होती, रात्र रात्र जागून. आणि चारू पंक्तीत वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, खीर खाली लागलीय हो." बस्स, एवढंच. त्याच संध्याकाळी शैलाताईंनी घरातल्या जिन्याचं दार आपल्या बाजूने कडी घालून बंद केलं, त्यापुढे मांडणी सरकवली आणि मांडणीवर लोणच्याच्या बरण्या रचल्या. तेव्हापासून चारू बाहेरच्या जिन्याने ये-जा करू लागली.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं ज्याला वाटतं त्याने अबोला पाहिलेलाच नाही. अबोल्यात उलट बोलणं वाढतं. भिंतीशी बोलायचं, मांजराशी बोलायचं, दोन्हीकडे कामाला येणाऱ्या रेश्माशी तर खास आवाज चढवून बोलायचं, आणि ऐकायचं तिने ऐकावं. या विद्येत शैलाताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. चारू उलट उत्तर देत नसे. तिने उत्तर न देणं हाही शैलाताईंना अपमानच वाटे.

पाचवी डॉक्टर भेटली ती तस्नीम मुजावर. वय कोवळं, बोलणं सरळ. मिरजेच्या एका संशोधन केंद्रात ती काम करायची. शैलाताई तिथे बिनचालकाच्या रिक्षाने गेल्या आणि वाटभर त्या रिकाम्या पुढच्या सीटला "हळू घे रे बाबा" म्हणून बजावत राहिल्या.

तस्नीमने आलेख पाहिले आणि म्हणाली, "काकू, तुमचं हृदय चांगलं आहे. कान जरा तिखट आहेत, एवढंच."

"कानाचा काय संबंध?"

"सांगते. आडवं झालं की पायांकडचं रक्त सहज हृदयात येतं, त्यामुळे एकेक ठोका भरदार पडतो. डाव्या कुशीवर तर हृदय बरगडीला अगदी खेटून. बाहेर सामसूम. अशात एखादा ठोका वेळेआधी पडतो. तो सगळ्यांचाच पडतो, माझाही. मग हृदय क्षणभर थांबतं आणि पुढचा ठोका जोरात देतं. मला तो कळत नाही, मी घोरत असते. तुम्ही तो ऐकता आणि घाबरता. आणि भीती म्हणजे हृदयाला चाबूक, काकू. अंगात ॲड्रेनालिन सुटलं की हृदय उधळतं. ते उधळलं की तुम्ही आणखी घाबरता, की आणखी चाबूक."

"मग तो चाबूक काढून घे की."

"चाबूक काढता येत नाही. लगाम ओढता येतो."

लगाम म्हणजे मेंदूतून निघून मानेवाटे छातीत आणि तिथून पोटापर्यंत भटकत जाणारी एक नस. आपण श्वास सोडतो तेव्हा ती ओढली जाते आणि ठोके संथ होतात, श्वास घेतो तेव्हा ती सैल पडते. केंद्रातल्या लोकांनी आधी एक यंत्र केलं होतं. ते छातीवर ठेवायचं आणि त्याने संथ, सारखे ठोके द्यायचे, म्हणजे शरीर त्या तालाला लागेल. पण मेंदू मोठा लबाड. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी दोन दिवसांनी ऐकू येईनाशी होते, तसं त्याने यंत्राकडे दुर्लक्ष केलं. मग कोणाला तरी सुचलं आणि यंत्राच्या ठोक्याऐवजी दुसऱ्या एका जिवंत माणसाचा, त्याच क्षणी पडणारा ठोका त्यातून सोडला. तो मात्र लागू पडला. कारण जिवंत हृदय कधी मोजूनमापून पडत नाही. श्वासाबरोबर त्याच्या ठोक्यांतलं अंतर ताणतं, आखडतं. घाबरलेल्याचे ठोके पलीकडच्या माणसाच्या छातीवरही पोचवले, की त्याचं हृदय त्यांना उत्तर देतं. हळूहळू दोघांचे श्वास एकत्र चालू लागतात आणि श्वासामागून हृदय.

यंत्राला लांबलचक शास्त्रीय नाव होतं. मिरजेच्या लोकांनी ते बाजूला ठेवून त्याला थापटी म्हणायला सुरुवात केली, पाळण्यातल्या पोराला थापटतात तशी. तळहाताएवढी मऊ चकती. एक घेणाऱ्याच्या छातीवर, एक देणाऱ्याच्या.

"म्हणजे कोणाचा तरी ठोका उसना आणायचा?" शैलाताईंनी विचारलं.

"रोज झोपताना, तासभर. फक्त जोडी जुळायला हवी. आणि देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नाही."

काही आठवड्यांनी जोडी जुळली. पहिल्या रात्री शैलाताई थापटी लावून पडल्या त्या मनात अढी धरूनच. नेहमीप्रमाणे छातीत धाडधाड सुरू झाली. आणि मग त्या धाडधाडीच्या शेजारी एक दुसरा ठोका आला. हलका, घाई नसलेला. तो काही समजावत नव्हता, नुसता शेजारी येऊन बसला होता. शैलाताईंचा गळलेला ठोका आला, पोकळी आली, आणि त्या पोकळीत तो दुसरा पडत राहिला. मी आहे, मी आहे. शैलाताईंनी डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं आणि रेश्मा दुधाची पिशवी घेऊन दारात उभी होती.

त्या दिवसापासून शैलाताई त्या अनोळखी माणसाच्या भक्तच झाल्या. त्यांनी त्याचं चित्रही मनाशी रंगवलं. साताऱ्याकडचे कोणी निवृत्त हेडमास्तर असावेत. एकभुक्त, मितभाषी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ओळख ना पाळख, तरी रोज रात्री परक्या बाईसाठी शांत पडून राहायचं, हे काय साधं काम आहे? असं त्या रेश्माला सांगायच्या, आणि सांगताना आवाज जिन्याच्या बंद दाराकडे फेकायच्या.

"देवमाणूस आहे गं तो. परका असून जीव लावतो. नाहीतर काही माणसं, एका घरात तीस वर्षं राहिली तरी माणसाची किंमत नाही. खिरीची तेवढी चव कळते."

रेश्मा भांडी घासत "हो काकू" म्हणायची. वर कपाटाचं दार लागायचं.

गंमत अशी, की ज्या दिवशी असा टोमणा जरा जास्त रंगायचा, त्या रात्री हेडमास्तर अस्वस्थ असायचे. ठोका चढा यायचा, बराच वेळ बसायचाच नाही. शैलाताईंनी केंद्राला फोनही केला. "आमच्या गुरुजींची तब्येत बरी आहे ना? काल त्यांना कोणीतरी दुखावलेलं वाटत होतं. असल्या माणसाला दुखावणारे लोक तरी कसे असतील." पलीकडून तस्नीम एवढंच म्हणाली, "बघते काकू."

आणि मग पाल पडली.

रात्री शैलाताई थापटी लावून नुकत्या पडल्या होत्या. ठोका संथ चालला होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून "आई गं, पाल" अशी किंकाळी आली, आणि त्याच क्षणी, पुढेही नाही नि मागेही नाही, छातीवरची थापटी ताडकन उडाल्यासारखी झाली आणि धडधड, धडधड, धडधड. चारू नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हाही पाल दिसली की खुर्चीवर चढून बसायची. सासूबाई खो खो हसायच्या. शैलाताई झाडू घेऊन धावायच्या.

वर आपटाआपटी झाली, खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग पावलं पलंगाकडे गेली. थापटीतली धडधड हळूहळू उतरली. आणि उतरल्यावर तो ठोका पुन्हा शैलाताईंशेजारी येऊन बसला, मध्ये काही झालंच नाही अशा थाटात. शैलाताई छताकडे बघत पडून राहिल्या. साताऱ्याचे हेडमास्तर कधीच नव्हते. ज्या बाईला आपण रोज टोमणे मारतो, तिच्याच जिवावर आपण झोपतो, हे त्यांना कळलं आणि शरमेने त्यांचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी त्या तणतणतच मिरजेला गेल्या. शरम वाटली की त्यांना आधी राग यायचा, स्वभावच तसा.

"मला दुसरा दाता दे. मला हिचे उपकार नकोत."

"कोणाचे?" तस्नीमने निर्विकार चेहऱ्याने विचारलं. "मी तर नाव सांगितलेलं नाही. आणि काकू, तुमच्यासाठी आम्ही खूप लोक तपासले. रक्ताची नाती जुळतात असं आम्हाला आधी वाटलं होतं, पण तसं नाही निघालं. जुळतात ती वर्षानुवर्षं एका लयीत राहिलेली माणसं. पाण्याच्या एकाच मोटारीच्या आवाजाने उठणारी, एका वेळी चुलीशी उभी राहणारी. श्वासांना सवय लागते. तुमच्या दाता स्वतःहून आल्या. म्हणाल्या, माझं तपासून बघा, पण तिकडे कळता कामा नये."

शैलाताई खुर्चीवर टेकल्या.

"त्या संध्याकाळी चहा घेत नाहीत, जेवण दिवेलागणीला उरकतात, मनाला त्रास होईल असं काही बघत नाहीत. तुमच्यासाठी. फक्त दुपारी कधीकधी त्यांचा ठोका चढतो आणि रात्रीपर्यंत उतरत नाही. दुपारी काय होतं, ते मला माहीत नाही."

शैलाताईंना चांगलंच माहीत होतं. दुपारी रेश्मा भांडी घासायला यायची.

घरी येऊन त्यांनी काय करावं? वर जाऊन दोन शब्द बोलावेत, तर दहा वर्षांचा अबोला असा थोडाच मोडतो. शिवाय बोललो आणि तिने थापटी काढूनच ठेवली तर? त्यांनी टोमणे तेवढे बंद केले. भिंतीला चुकल्याचुकल्यासारखं झालं असेल. मग एके दिवशी बाजारातून मोरपिसांची जुडी आणून त्यांनी रेश्माच्या हातात दिली.

"वर दे. भिंतीला लावली की पाली येत नाहीत म्हणतात. लावायची तर लाव म्हणावं, नाहीतर टाकून दे म्हणावं."

रेश्मा खाली आली ती हसू दाबत. "लावली काकू. ओळीने लावली."

त्या रात्री थापटीतला ठोका आल्या आल्याच इतका निवांत होता, की शैलाताईंना वाटलं, आता बोलायला काही हरकत नाही. उद्या बोलू. पण उद्या म्हटलं की माणूस आणखी एक उद्या मागतो. दिवाळी झाली, संक्रांतही गेली.

ती रात्र थंडीची होती. ठोका नेहमीसारखा आला आणि मग एक पडलाच नाही. शैलाताईंनी वाट पाहिली. आला. पुन्हा दोन गळले. त्यांना आधी वाटलं, आपलंच नेहमीचं दुखणं. पण आपला ठोका तर नीट चालला होता. थांबत होता तो शेजारचा. चकतीवरचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे जोडणी शाबूत होती. तेवढ्यात उशाजवळच्या, थापटीला जोडलेल्या यंत्रातून आवाज आला, "दात्याच्या ठोक्यात खंड पडतो आहे. मिरजेहून रुग्णवाहिका निघाली आहे."

मिरजेहून. म्हणजे यायला वेळ लागणार. शैलाताई उठल्या. बाहेरचा जिना उपयोगाचा नव्हता, चारू रात्री आतून कडी, कोयंडा आणि वर खुर्ची लावून झोपायची. राहिलं ते घरातलं दार. त्यांनी मांडणीला खांदा लावून ती ओढली. बरण्या एकामागून एक फरशीवर आल्या, कैरीचं लोणचं पायाखाली पसरलं. दाराची कडी गंजून घट्ट बसली होती. शैलाताईंनी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि कडीवर घाव घालायला लागल्या. दहा वर्षं ती कडी त्यांच्याच बाजूला होती. चारूला मनात आलं असतं तरी खाली येता आलं नसतं. हे त्यांना तेव्हा, त्या बत्त्याच्या घावांत समजलं आणि त्यांना रडूच फुटलं.

कडी पडली. त्या जिना चढल्या. छातीत तर ढोल वाजत होते, पण त्या रात्री तिकडे लक्ष द्यायला सवड कोणाला होती.

चारू पलंगावर पडली होती. ओठ राखेच्या रंगाचे, डोळे अर्धवट मिटलेले. भिंतीवर मोरपिसांची ओळ. शैलाताईंच्या छातीवरच्या थापटीत ठोका यायचा, मग बराच वेळ यायचा नाही, मग एखादा चुकार यायचा. त्यांनी चारूला हलवलं, गालावर चापट्या मारल्या. काही नाही. आणि मग त्यांना तस्नीमचं वाक्य आठवलं. भीती म्हणजे हृदयाला चाबूक.

त्या चारूच्या कानाशी वाकल्या आणि दहा वर्षांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलल्या.

"चारू, पाल. तुझ्या मानेवर पाल आहे."

थापटी दचकली. एक ठोका. दुसरा. मग भराभर. चारूचा हात उठून मानेकडे गेला.

"कुठाय?" ती पुटपुटली. दहा वर्षांनी तिचाही हा पहिला शब्द.

"उशीखाली गेली. डोळे मिटू नकोस, परत येईल."

रुग्णवाहिका येईपर्यंत शैलाताईंनी ती नसलेली पाल खोलीभर फिरवली. चारूचे डोळे जड व्हायला लागले, ठोका रेंगाळायला लागला, की पाल पंख्यावर जायची. पुन्हा रेंगाळला की कपाटावरून खाली उतरायची. एकदा तर त्यांनी दोन केल्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती. हे सगळं सांगताना त्यांचा एक हात चारूच्या हातात होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेरचं दार उघडून त्यांनी माणसांना आत घेतलं, तेव्हाही मागे वळून त्या सांगत होत्या, "ती बघ, दाराशी आली."

"काकू, हा उपाय कुठल्या पुस्तकात नाही," तस्नीम नंतर म्हणाली. "आणि कृपा करून कोणाला सांगूही नका. पण त्या वेळी तुम्ही त्यांच्या हृदयाला थांबू दिलं नाहीत, एवढं खरं."

चारूच्या हृदयातली विजेची वाट मध्येच तुटत होती. तपासणीच्या वेळी ती ठीक होती, वयाने अलीकडेच झिजली. डॉक्टरांनी गळ्याच्या हाडाखाली छोटं यंत्र बसवलं. हृदय थांबलंच तर ते पुढचा ठोका देणार. धोका टळला. पण आता चारूला झोप येईना. डोळा लागतोय न लागतोय, तोच ती दचकून उठायची. झोपले आणि परत थांबलं तर? छातीत धाडधाड, कपाळावर घाम.

"थापटी द्या तिला," शैलाताई म्हणाल्या.

"द्यायची आहे. दाता हवा," तस्नीम म्हणाली. "जोडी दोन्ही बाजूंनी जुळते, काकू."

"माझा ठोका? अगं, त्याला स्वतःलाच धरून बसायला माणूस लागतो."

"लागायचा," तस्नीम म्हणाली आणि चकती त्यांच्या हातात ठेवून निघून गेली.

संध्याकाळी दवाखान्याचा चहा आला, तो शैलाताईंनी परत पाठवला. त्यात साखर किती कमी आहे, हे सांगण्याचा मोहही आवरला. दिवे मंद झाल्यावर त्या शेजारच्या खाटेवर आडव्या झाल्या. थापटीतून चारूची भीती त्यांच्या छातीवर आली. ओळखीची भीती. तीच धाडधाड, तोच गळलेला ठोका, तीच पोकळी. त्यांनी लांब श्वास सोडला. आपलं हृदय उधळलं तर तिचंही उधळेल, हे मनात होतं, त्यामुळे स्वतःकडे लक्ष द्यायचं राहूनच गेलं.

"वहिनी," अंधारातून चारू म्हणाली, "तुमच्या येरझाऱ्या वर ऐकू यायच्या. तुम्हाला झोप नसली की मलाही लागायची नाही. तुम्हाला दाता हवाय, हे रेश्माकडून कळलं, म्हणून गेले मी मिरजेला."

"हं."

"आणि रोज रात्री तुमची भीती छातीवर कळायची. तुम्ही एवढ्या घाबरता, हे मला तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. आम्ही तर तुम्हाला घाबरायचो."

"गप पड. बोललीस की ठोका वाढतो."

चारूची धाडधाड उतरायला लागली होती.

"एक विचारू? पण रागावलात तर इकडे मला कळेल हं."

"विचार."

"ती खीर. लागली होती की नाही?"

शैलाताईंना ते पातेलं दिसलं. रात्रभर सासूबाईंच्या फोटोपुढच्या दिव्याला तेल घालत बसलेली, पहाटे चुलीपाशी उभ्या उभ्या डोळा लागलेली एक बाई दिसली. त्यांनी श्वास घेतला आणि सावकाश सोडला.

"लागली होती," त्या म्हणाल्या. "चांगली बोटभर जाड खरवड होती तळाला."

चारूने छातीवरच्या थापटीवर हात ठेवला आणि वाट पाहिली. ठोका चढला नाही. मग ती कुशीवर वळली आणि थोड्या वेळाने घोरायला लागली.